हिकरीच्या ट्रॅकवरचा शनिवार : वजनकाट्यापासून तपासणीच्या रांगेपर्यंत

नॉर्थ कॅरोलायनातील हिकरी मोटर स्पीडवे हा डांबरी ट्रॅक एका फेरीला ०.३६३ मैल, म्हणजे सुमारे ५८४ मीटर भरतो. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकवर १९७१ पर्यंत नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, सर्वोच्च मालिकेच्या शर्यती होत असत. त्या शर्यती मोठ्या ट्रॅककडे निघून गेल्यानंतरही हिकरीची शनिवारची स्थानिक शर्यत टिकून राहिली आहे. आसपासच्या गावांतील गॅरेजवाले, वेल्डर, शाळकरी मुलांचे पालक आणि आमच्यासारखे कारखान्यातील नोकरदार आठवडाभर संध्याकाळी गाडीखाली पाठ टेकून काम करतात आणि शनिवारी ती ट्रेलरवर चढवून इथे आणतात. नॅस्कारच्या ताऱ्यांचे जन्मस्थान हे या ट्रॅकचे बिरुद मला आधी जाहिरातीपुरते वाटले होते. पूर्ण शर्यतीचा शनिवार-रविवार चमूसोबत काढल्यानंतर त्यात किती तथ्य आहे, ते कळले.

मी या भागातील ऑप्टिकल फायबरच्या केबलच्या कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची स्ट्रीट स्टॉक गटातील, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीवरून शर्यतीसाठी तयार केलेली, गाडी आहे आणि ती त्याची एकोणीस वर्षांची मुलगी चालवते. माझे बालपण कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथ आणि फाउंड्र्यांच्या शेजारी गेले आणि मायक्रोमीटर हातात धरायला मी कॉलेजच्या आधीच शिकलो, हे त्याला बोलता बोलता समजले, तेव्हा त्याने माझ्याकडे चमूची मोजमापांची वही सोपवली. त्यामुळे शर्यतीचा जो भाग प्रेक्षकांना दिसत नाही, तोच मला सर्वांत जवळून पाहायला मिळाला.

खरे काम गुरुवारी रात्री, त्याच्या घरामागच्या शेडमध्ये सुरू झाले. गाडीच्या चारही चाकांखाली इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याचे एकेक पाट ठेवले. त्याआधी फरशीच्या उताराची भरपाई करण्यासाठी पाटांखाली पातळ पत्रे सारून चारही पाट एका पातळीत आणले, कारण जमीन जराशी जरी कलती असली तरी पुढचे सगळे आकडे फसवे ठरतात. टायरमधील हवा शर्यतीला असेल तेवढीच भरली, टाकीत इंधन ठरल्याप्रमाणे घातले, पुढच्या अँटी-रोल बारची (वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) जोडणी सोडवली आणि मुलगी पूर्ण पोशाखात, हेल्मेटसह, आपल्या सीटवर जाऊन बसली. चालकाच्या वजनाशिवाय केलेल्या मोजणीला अर्थ नसतो, असे तिचे वडील म्हणाले, आणि पडद्यावर चार आकडे स्थिर होईपर्यंत कोणीही गाडीला हात लावला नाही.

हिकरीवर सगळी वळणे डावीकडे असल्याने गाडी सममित ठेवून चालत नाही. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर सरकतो, म्हणून गाडी उभी असतानाच डाव्या बाजूला अधिक वजन ठेवतात. ते किती टक्क्यांपर्यंत ठेवता येते, याची मर्यादा नियमपुस्तकात असते. हे वजन शिशाच्या ठोकळ्यांनी भरून काढतात. ठोकळे पांढरे रंगवून त्यांवर गाडीचा क्रमांक लिहावा लागतो, म्हणजे शर्यतीत एखादा ठोकळा सुटून ट्रॅकवर पडला तर तो कोणाचा, हे लगेच समजते. यापेक्षा नाजूक आकडा तिरक्या भाराचा. उजवे पुढचे आणि डावे मागचे या दोन चाकांवरील वजनांची बेरीज एकूण वजनाच्या किती टक्के आहे, यावरून वळणात गाडी कशी वागेल, याचा अंदाज येतो. ही टक्केवारी वाढवली की गाडी स्थिर होते, पण वळायला कुरकुरते. कमी केली की ती चपळ होते आणि मागची बाजू सरकू लागते. स्प्रिंगच्या डोक्यावरचा मोठा स्क्रू पान्याने अर्धा आटा फिरवला तरी चारही पाटांवरचे आकडे बदलतात, मात्र डावीकडचे एकूण वजन आणि मागचे एकूण वजन होते तेवढेच राहते. मी वहीत प्रत्येक फेरफारानंतरचे आकडे लिहीत गेलो आणि हे गणित अक्षरशः डोळ्यांसमोर उलगडत गेले.

त्यानंतर टायर आले. मागची दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जखडलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. म्हणून उजव्या मागच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा मोठा निवडतात, आणि मग निमुळता पेला जमिनीवर आडवा ढकलला की जसा गोल फिरतो, तशी गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते. या फरकाला इथे सगळे ‘स्टॅगर’ म्हणतात. आम्ही टेप टायरच्या मध्यरेषेवरून गुंडाळून घेर मोजले, हवा बदलून पुन्हा मोजले आणि जोड्या लावून खडूने खुणा केल्या. कॅनापोलिसचे राल्फ अर्नहार्ट, म्हणजे पुढे सात वेळा नॅस्कारचा विजेता ठरलेल्या डेल अर्नहार्टचे वडील, यांनी स्टॅगरचे महत्त्व सर्वप्रथम ओळखून त्याचा उपयोग केला, असे श्रेय त्यांना दिले जाते. ते हिकरीवरही वर्षानुवर्षे शर्यती जिंकत होते. ज्या ट्रॅकवर ते ही युक्ती वापरत, त्याच ट्रॅकसाठी आपण टेप लावत आहोत, हा विचार माझ्या मनातून संध्याकाळभर गेला नाही.

शनिवारी दुपारी पिटच्या, म्हणजे गाड्या आणि चमू थांबतात त्या आवाराच्या, फाटकावर प्रत्येकाला जबाबदारीमुक्तीच्या कागदावर स्वतःच्या नावाने सही करावी लागते, तेव्हाच मनगटावर पट्टी बांधली जाते. इथे नाव लिहिण्याचा एक जुना किस्सा सांगितला जातो. जवळच्याच न्यूटनचे नेड जॅरेट यांचा शर्यतीचा छंद वडिलांना पसंत नव्हता, म्हणून त्यांनी एकदा आपल्या भागीदाराच्या नावाने गाडी चालवली आणि दुसरा क्रमांक पटकावला. वडिलांना हे कळले, तेव्हा ते म्हणाले की, चालवणारच असशील तर निदान आपल्या नावाने चालव. पुढे नेड १९६१ आणि १९६५ चे नॅस्कारचे राष्ट्रीय विजेते झाले आणि त्यांचा मुलगा डेल १९९९ मध्ये झाला. गावच्या ट्रॅकवर बापलेक, बाप आणि मुलगी, आजोबा आणि नातू यांच्या जोड्या इतक्या दिसतात, की हा खेळ घरातूनच पुढे चालतो, असे मला ठामपणे वाटते.

पुढची पायरी तांत्रिक तपासणीची, जिला सगळे नुसते ‘टेक’ म्हणतात. गाड्या एकामागून एक हाताने ढकलत पुढे सरकवतात. पहिली तपासणी सुरक्षेची : हेल्मेटवरचे प्रमाणपत्राचे लेबल, सीटबेल्टवर शिवलेली तारीख, मानेला आधार देणारे उपकरण, खिडकीची जाळी, आग विझवण्याची सोय. जाळी एका हाताने, क्षणात सोडता येते की नाही, हे तपासनीसाने स्वतः खेचून पाहिले. त्यानंतर वजन, मग उंची, मग कार्ब्युरेटर. त्याने खिशातून एक गो-नोगो गेज काढला आणि कार्ब्युरेटरच्या प्रत्येक भोकात घालून पाहिला. नियमात बसणाऱ्या बाजूचे टोक आत गेले, दुसऱ्या बाजूचे अडले. उद्यमनगरात सिलिंडरच्या बोअरला असाच प्लग गेज लावताना मी असंख्य वेळा पाहिले आहे. त्या एका गेजमुळे मला ही रांग परकी वाटेनाशी झाली.

उंचीच्या टप्प्यावर मात्र आमची गाडी अडली. चेसिसखालून सरकणारा ठोकळा उजव्या पुढच्या बाजूला घासला आणि तपासनीस शांतपणे म्हणाला, “ही उंची नियमात बसत नाही. दुरुस्त करून रांगेच्या शेवटी या.” आठवड्यात स्प्रिंग किंचित बसली होती. आवाज न चढवता सहकाऱ्याने पाना मागितला. उजव्या पुढच्या स्प्रिंगचा स्क्रू आवळला असता तर उंची मिळाली असती, पण त्याच वेळी तिरका भारही वाढला असता आणि गुरुवारची सगळी मेहनत वाया गेली असती. म्हणून त्याने उजवा पुढचा स्क्रू जितका फिरवला, तितकाच डावा पुढचाही फिरवला, म्हणजे एका कर्णावर चढलेला भार दुसऱ्या कर्णाने तोलून धरला. मग गाडी आमच्या पाटांवर घेऊन आम्ही आकडे पडताळले. गुरुवारच्या नोंदीशी ते जवळपास जुळले, तेव्हा ती दुसऱ्यांदा रांगेत लागली. ठोकळा या वेळी चारही ठिकाणी मोकळा सरकला आणि काचेवर तपासणी पूर्ण झाल्याची चिकटपट्टी लागली. नियमपुस्तक सगळ्यांना सारखे असेल, तरच गॅरेजमधल्या हुशारीला किंमत मिळते, आणि त्या रांगेत ते माझ्या डोळ्यांसमोर सारखे लागू झाले.

सरावात मुलगी काही फेऱ्यांनंतर आत आली आणि म्हणाली की, वळणाच्या मध्यावर गाडीचा पुढचा भाग भिंतीकडे ढकलला जातो. गाडी थांबताच टायर निवू न देता प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागात पायरोमीटरची सुई टोचून तापमान घ्यायचे आणि मी ते लिहायचे, असे आमचे ठरले होते. उजव्या पुढच्या टायरचे तीनही आकडे बाकीच्यांपेक्षा बरेच चढलेले होते आणि त्यातही बाहेरची कड सर्वांत तापलेली होती. चालकाला जे हाताला जाणवले होते, तेच सुईने दाखवले. वडिलांनी मागचा डावा स्क्रू थोडा सैल करून तिरका भार कमी केला, आणि पुढच्या खेपेला तिने अंगठा वर केला. अशा वेळी ती आणि तिचे वडील मुलगी आणि बाप म्हणून बोलत नसत. तिने सांगायचे, त्यांनी ऐकायचे, आणि तिच्या शब्दावर शंका घ्यायची नाही, हा त्यांच्यातला नियम मला फार मोलाचा वाटला.

पिटमध्ये शेजारच्या चमूतील एका गृहस्थांनी भारतात हा प्रकार आहे का, असे विचारले. मी त्यांना कोइंबतूरच्या नारायण कार्तिकेयनविषयी सांगितले, जो फॉर्म्युला वननंतर २०१० मध्ये शेजारच्या व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलला नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला होता. मार्टिन्सव्हिलचे नाव निघताच त्यांनी तिथल्या ब्रेकविषयी जे बोलणे सुरू केले, ते चालकांच्या सभेची घोषणा होईपर्यंत थांबले नाही.

सभेत पिवळ्या झेंड्याचे, म्हणजे अपघातानंतर वेग कमी करून जागा न बदलता चालण्याचे, नियम आणि त्यानंतरच्या पुनःप्रारंभाची पद्धत सांगितली गेली. चालकाच्या कानात एकमार्गी रेडिओ असतो, त्यावरून नियंत्रण कक्षाचा आवाज ऐकू येतो, पण उलट बोलता येत नाही, त्यामुळे सगळे नीट ऐकून घ्यावे लागते. पात्रता फेरी पार पडली, प्रार्थना आणि राष्ट्रगीत झाले आणि दिवे लागले.

हिकरीचे डांबर जुने आणि खरखरीत आहे, ते टायर खाते. त्यामुळे सुरुवातीला पुढे धावणारी गाडी शेवटपर्यंत पुढे राहीलच, याचा भरवसा नसतो. आमच्या मुलीने पहिल्या टप्प्यात मुद्दाम स्वतःला आवरले आणि वळणातून बाहेर पडताना पाय हळूहळू दाबत मागचे टायर जपले. पिवळ्या झेंड्यानंतर दोन रांगांत पुन्हा सुरुवात झाली, तेव्हा ती बाहेरच्या रांगेत अडकून दोन स्थाने मागे पडली. पण शेवटच्या फेऱ्यांत पुढच्यांच्या गाड्या वळणात वर सरकू लागल्या आणि आमची गाडी खालच्या रेषेला धरून राहिली, तशी ती एकेकाला मागे टाकत पाचव्या स्थानावर आली. एका मागच्या वळणात तिने जी गाडी मागे टाकली, तिच्या उजव्या पुढच्या टायरची कड पांढुरकी झालेली मला पिटच्या कुंपणापाशी उभा असताना स्पष्ट दिसली.

शर्यत संपली तरी गाडी लगेच मिळत नाही. अग्रक्रमाच्या गाड्यांना पुन्हा वजनकाट्यावर जावे लागले. आमच्याही गाडीचे वजन आणि उंची पाहिली गेली, आणि कार्ब्युरेटरमध्ये तोच गो-नोगो गेज पुन्हा फिरला. वजन नियमात होते. निकाल पक्का झाल्यावर आम्ही गाडी ट्रेलरवर चढवली.

रविवारी सकाळी शेडमध्ये टायर उतरवून त्यांची झीज मोजली. उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा स्पष्टपणे जास्त झिजली होती, म्हणून त्या चाकाचा वरचा भाग आणखी थोडा आत झुकवायचा आणि पुढच्या गुरुवारी बसलेली स्प्रिंग बदलून मगच पाटांवर गाडी चढवायची, असे ठरले. मी ते वहीत नव्या पानावर लिहून घेतले.