प्लायच्या कडा झाकताना

मुलीच्या पुस्तकांसाठी घरीच रॅक करायचा ठरवला आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १९ मिलिमीटरचा टीक प्लाय आणला. वरून बघाल तर सागवानच, पण कापला की कडेला थरावर थर उघडे पडतात. आपल्याकडे मिस्त्री तिथे फेविकॉल लावून, बारीक खिळे मारून सागाची पट्टी बसवतात. सारखा हात लागणाऱ्या टेबलाला मीही तीच बसवीन, तिला तोड नाही. पण रॅकच्या कडांना फारसा मार बसत नाही, म्हणून मागे गोंद लावलेली विनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी घेतली. रुंदी २२ मिलिमीटर, म्हणजे मधोमध धरली तर दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर जास्तीची.

चिकटवायला घरातली जुनी इस्त्री पुरली. आधी कड ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने सपाट केली आणि थरांमधल्या फटी लाकडी भुसा-फेविकॉलने भरून वाळू दिल्या. मग इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. पट्टीवरून ती हळूहळू सरकवायची. कडेला वितळलेल्या गोंदाची चकाकती रेघ दिसली की पुढे जायचं. पाठोपाठ लाकडी ठोकळ्याने दाबत जायचं, कारण गोंद पकडतो तो गार होताना. नंतर नखाने टकटक केलं. जिथे पोकळ आवाज आला तिथे साधा कागद ठेवून पुन्हा इस्त्री फिरवली. इथवर सगळं सुरळीत झालं.

घोळ झाला तो जास्तीची पट्टी कापताना. गोंद पुरता गार व्हायच्या आत मी पेपर कटर हातात घेतला. वीतभर नीट कापलं गेलं आणि मग पातं लाकडाच्या रेषांच्या मागे लागून आत शिरलं. समोरच्याच फळीच्या तोंडावर दोन इंचांची चीर गेली. मन खट्टू झालं.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मिस्त्रीकाकांना ती फळी दाखवली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दादा, पट्टीच्या रेषा कुठे पळतायत ते आधी बघायचं. पातं रेषेबरोबर आत घुसायला लागलं की थांबायचं आणि उलट्या बाजूने यायचं." उरलेल्या तुकड्यावर त्यांनी करून दाखवलं. डावीकडून कापताना पट्टी चिरत होती, उजवीकडून त्याच जागी स्वच्छ सुटली. सागाच्या रेषा क्वचितच कडेला समांतर असतात, म्हणून एका बाजूला चालणारी दिशा दुसऱ्या बाजूला चालेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कडा एकदम कापणारा, चिमट्यासारखा दाबायचा ट्रिमर आणला. तो हाताला सोपा आहे, पण दोन्ही बाजू एकाच दिशेने कापतो, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. सरळ रेषांच्या पट्टीवर त्याने सुरेख काम केलं. रेषा तिरक्या होत्या तिथे मात्र तो बाजूला ठेवला आणि धारदार पटाशी आडवी धरून एकेक बाजू योग्य दिशेने तासली.

मला मनापासून आवडलेलं हत्यार म्हणजे बारीक दातांची सपाट कानस. ती थोडी तिरकी धरायची, फळीच्या वरच्या विनियरला लागू द्यायची नाही, आणि घास नेहमी पट्टीकडून फळीच्या दिशेने, खाली. उलट ओढली तर पट्टी उचकटते. चार-पाच घासांत जास्तीची कड धाग्यासारखी सुटून हातात येते. टोकाकडची लांबी छाटताना मागच्या बाजूने कटरने रेघ मारून मोडली, तिथेही शेवटचा हात कानसेचाच. मग १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही ठोकळ्यावर आणि अगदी हलक्या हाताने. पट्टी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, शेजारचं विनियर त्याहूनही पातळ, जोर लागला की खालचा प्लाय दिसायला लागतो.

चिरलेली पट्टी काढणं वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. इस्त्री फिरवून गोंद मऊ केला, एका टोकाला पटाशी सरकवली आणि ती अख्खी सोलून निघाली. राहिलेला गोंद गरम असतानाच खरवडला. नवी पट्टी बसवून ती पुरती गार होईपर्यंत फळीला हात लावला नाही. मग कानस घेतली. ती फळी आता रॅकमध्ये वरून दुसरी आहे, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर.