नव्या रचनेची तालीम ऐकताना

नव्या सिम्फनीच्या, म्हणजे पाश्चात्य वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या तालमीला बसायला मिळालं, तर सुरांच्या आधी वाजवणं मधेच अडतं ते थांबे ऐकावेत. ही रचना अजून कुणीच ऐकलेली नसते. प्रत्येक वादकापुढे फक्त स्वतःचा पार्ट, म्हणजे आपल्या वाद्यापुरतं लिखाण असतं. सगळ्या वाद्यांचं एकत्र लिखाण, म्हणजे पूर्ण स्कोअर, असतो कंडक्टरपुढे आणि सभागृहात बसलेल्या संगीतकाराच्या मांडीवर.

पहिले थांबे बहुधा लिखाणातल्या चुकांचे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सा वाजवला की कोमल नी ऐकू येतो, म्हणून त्याचा पार्ट एक स्वर चढवून लिहावा लागतो. ते राहून गेलं की चूक लगेच कानाला टोचते. एफ हॉर्नचं तसं नाही. त्याचा सा खालच्या मध्यमावर उतरतो. सा पासून खाली मोजत गेलं तर तो पाचवा स्वर असल्यामुळे दाट स्वरसमूहात तो खपूनही जातो आणि चूक दुसऱ्या दिवशी सापडते.

मग येतात हातांच्या अडचणी. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रांचा बार, म्हणजे लिखाणातला एक खण, दोन सेकंदांत संपतो. तेवढ्यात ट्रॉम्बोनवाल्यानं खाली ठेवलेला म्यूट (आवाज दबवणारं झाकण) उचलून बसवायचा कसा? व्हायोलिनला दोघांत पार्ट ठेवायचा एक स्टँड. आतल्या बाजूचा पान उलटतो, आणि नेमक्या त्याच जागी संगीतकाराला भरगच्च आवाज हवा असेल तर तो निम्म्यावर येतो. इथे पानाची जागा बदलावी, वादकाला दोष देऊ नये.

आपल्या कानांना सगळ्यात शिकवणारी गोष्ट म्हणजे तबला आणि वाद्यवृंद. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं झाकीर हुसेन यांच्याकडून 'पेशकार' हा तबल्याचा कॉन्चेर्तो (एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहून घेतला; २०१५ मध्ये तो मुंबईत पहिल्यांदा वाजला. अशा रचनेत तबल्याची 'ना' सगळ्यांतून आरपार येते. डग्ग्याचा घुमारा मात्र चेलो आणि डबल बासच्या पट्टीतच राहतो आणि त्यांच्याखाली बुजतो. तबलजीला जोरात वाजवायला सांगून उपयोग नाही, मींडच जाते. बासचे दोन स्टँड गप्प करायचे, नाहीतर गज बाजूला ठेवून बोटांनी छेडायला सांगायचं. शिवाय एसीच्या कोरड्या हवेत पुडी चढते, म्हणून मधल्या सुट्टीनंतर तबला पुन्हा लावावा लागतो.

रिकाम्या सभागृहात आवाज जास्त रेंगाळतो, प्रेक्षक भरले की तो शोषला जातो. त्यामुळे तालमीत गढूळ वाटलेली जलद जागा लगेच बदलू नये. सगळ्या दुरुस्त्या पार्टवर पेन्सिलनंच होतात. आज खोडलेला बार उद्या परतही येतो.