सार पास: रात्री दोनला काठी किती रुतते ते बघा

हिमाचलच्या पार्वती खोऱ्यातल्या सार पास खिंडीच्या ट्रेकवर होतो. खिंडीआधीच्या नगारूच्या कॅम्पवर रात्री दोनला चहा झाला, बूट चढवले, हेडटॉर्च लागले. गाईडने तंबूबाहेर काठी बर्फात खुपसली. निम्मी आत गेली. "आज नहीं," एवढंच बोलून तो किचनच्या तंबूत परत शिरला.

आमच्यात कुरकुर सुरू झाली. पुण्याहून आलेले आम्ही अकरा जण. कुणाची रजा सोमवारी संपत होती, कुणाचं परतीचं विमान होतं. थंडीही फारशी नव्हती, मग अडलं कुठे? नेमकं तिथेच अडलं होतं.

मे महिन्यात दिवसा बर्फाचा वरचा थर वितळतो. रात्री आभाळ मोकळं असेल तर ती उष्णता निघून जाते आणि बर्फ पुन्हा गोठून दगडासारखा होतो. त्या रात्री ढगांची गोधडी पसरली होती, त्यामुळे बर्फ गोठलाच नाही. वितळलेलं पाणी खाली झिरपतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार घसरतो. हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फापेक्षा हे ओलं हिमस्खलन बहुतेक वेळा हळू येतं, पण जड असतं आणि थांबलं की सिमेंटसारखं आवळतं. 'बर्फ वितळायला लागला, आता कसली भीती' हे वाक्य मी स्वतः पायथ्याच्या कसोलला चहा पिताना ऐकवलं होतं.

दुसऱ्या रात्री चांदण्या दिसल्या. काठीचं टोक टक्कन वाजलं. अडीचला निघालो तेव्हा बुटाखाली करकर आवाज येत होता आणि पाऊल जेमतेम उमटत होतं. अंधारातला तो आडवा चढ दिवसा पाहिला असता तर माझी पावलं नक्की अडखळली असती. उजाडता उजाडता साधारण ४२०० मीटरवरच्या खिंडीत पोचलो. तिथे गोठलेलं तळं आहे, म्हणे 'सार' हे नाव त्यावरूनच, कारण तिकडे सर म्हणजे तळं. आम्हाला दिसलं फक्त पांढरं मैदान.

दहाच्या सुमारास खिंडीपलीकडे बिस्करी कॅम्पच्या बाजूला मागे वळून पाहिलं तर उन्हातल्या उतारावरून बर्फाचे लाडू आपोआप गडगडत होते, मागे रेघ ओढत. हे दिसलं की त्या उताराखालून काढता पाय घ्यायचा. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, तडा पळताना दिसला किंवा पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागला, तरी तेच. सर्वात घातक उतार ३० ते ४५ अंशांचे असतात, म्हणजे नेमके आपल्याला 'चढण्यासारखे' वाटणारे. असा उतार एकेकाने ओलांडा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा आणि मध्ये फोटोला थांबू नका. नवा बर्फ पडला असेल तर किमान एक-दोन दिवस जाऊ द्या. मेमध्येही पश्चिमी झंझावात येऊन फूटभर टाकून जातो. निघण्याआधी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज बघा, पण शेवटचा शब्द वरच्या गाईडचा.

खिंडीनंतरची घसरगुंडी मजेची आहे, मात्र बसण्याआधी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवलेले काटे, काढा. आमच्यातला एकजण तसाच घसरला, काटे बर्फात अडकले आणि घोटा मुरगळला. ट्रेक संपतो त्या बरशैणीपर्यंत त्याची सॅक आम्ही आळीपाळीने वाहिली. वॉटरप्रूफ पँट आणि बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर्स घ्या, जीन्स नकोच. गॉगल ढगाळ हवेतही लावा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही चोपडा, कारण ऊन खालूनही येतं. माझं नाक आठवडाभर सोललेल्या बटाट्यासारखं होतं. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

आणि परतीचं तिकीट काढताना एक दिवस राखीव धरा. आम्ही धरला नव्हता. दोघांची विमानं बुडाली, बाकीच्यांची दिल्लीची गाडी, आणि नवी तिकिटं काढताना ज्याने त्या रात्री सर्वात मोठ्याने कुरकुर केली होती, तो म्हणजे मी, चूपचाप पैसे मोजत होतो.