कार्ड पुसण्याआधी

आजचा सगळा दिवस फोटोंखालच्या ओळी लिहिण्यात गेला. डॉक्युमेंटरी छायाचित्रकाराचा प्रवास सगळ्यांना दिसतो, हे काम दिसत नाही. पण फोटोची विश्वासार्हता इथेच ठरते. कोण, कुठे, कधी, काय करतंय. नाव त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्यावं. रात्री आठवून लिहू म्हटलं की तिसऱ्या गावापर्यंत चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळतात. चुकीचं नाव छापून येणं हा त्या माणसावर अन्यायच!

देश बदलला की कॅमेऱ्याचं घड्याळ लगेच बदलावं. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींचं, नाहीतर घटनाक्रमच उलटासुलटा लागतो.

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसायचं ते दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्यावर, दोन्हींतल्या फाइल उघडून पाहिल्यावर, आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत असतील तर प्रत एकच आहे असं धरा. चोरीला बॅग जाते.

एसी खोलीतून दमट हवेत कॅमेरा थेट काढला की काचेवर बाष्प धरतं. आधी हवाबंद पिशवीत घालून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावा. तोवर लेन्स बदलू नये, ओल सेन्सरपर्यंत जाते.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच, टोकांवर चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरपेक्षा (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) मोठ्या असतील तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्या. फिल्म मात्र विमानतळावर सामान तपासणाऱ्या सीटी स्कॅनरमध्ये (क्ष-किरणांच्या यंत्रात) जाऊ देऊ नका, हाताने तपासायची विनंती करा.