यांची नोकरी गेली तेव्हा आम्ही राजीनाम्यावर सही केली नाही

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार होता. मी आणि सासूबाई गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड घालत होतो, शिजवलेल्या पिठाचा घाटा गरम असतानाच थापावा लागतो म्हणून फोन वाजला तरी उचलला नाही, आणि साडेबारालाच हे जिना चढून वर आले. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते. हातातला डबा मी घेतला तर जड लागला, म्हणजे उघडलाच नव्हता. सासूबाई पारोळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलतात, त्यांनी नुसतं "काय व्हयनं रे भाऊ" विचारलं तर हे काहीच बोलले नाहीत, खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्याकडे दिला. माझे हात घाट्याने भरलेले, मी तो दोन बोटांत धरून वाचला.

कागदावर यांचं नाव आधीच टाईप केलेलं होतं. खाली लिहिलं होतं की मी घरगुती कारणामुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझी कंपनीकडे कोणतीही मागणी नाही. फक्त सहीची जागा रिकामी.

हे जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर होते, जुलै २०१४ पासून. ऑर्डर कमी झाल्या, दोन मशीन बंद करणार, म्हणून काही जणांना त्या दिवशी ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की यावर सही करा, सोमवारी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, घेऊन जा. बऱ्याच जणांनी तिथेच सही केली. यांनी सांगितलं घरी विचारून येतो. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं की त्या एका वाक्याने आमचं वर्ष वाचवलं.

माझे मोठे दीर, आम्ही त्यांना आबा म्हणतो, भुसावळला रेल्वेत होते आणि युनियनचं काम केलेलं. संध्याकाळी ते आले, चहा पण घेतला नाही, आधी कागद मागितला. वाचून यांना म्हणाले, "भाऊ, याच्यावर सही केली तर तू स्वतःहून नोकरी सोडली असं होतं. कंपनीने काढलं असं होत नाही. आणि या दोन गोष्टींत लाखाचा फरक आहे." मग वहीचं मागचं पान काढून त्यांनी आकडे मांडले, ते पान अजून माझ्याकडे आहे.

यांचा पगार तेव्हा १८,००० होता, त्यातला बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००. कंपनीने काम कमी झालं म्हणून कामगाराला काढलं तर त्याला रिट्रेंचमेंट म्हणतात, आपण कामगार कपात म्हणतो, आणि तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दरवर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. यांची ९ वर्षं ७ महिने झाली होती म्हणजे १० वर्षं. अर्धा पगार ९,००० गुणिले १० म्हणजे ९०,०००, आणि नोटीसचे १८,०००. एक लाख आठ हजार रुपये, जे त्या एका सहीने गेले असते.

ग्रॅच्युइटी वेगळी. ती पाच वर्षं पूर्ण झाली की राजीनामा दिला तरी मिळते, तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शेवटचा बेसिक आणि डीए भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. आमचे ७५,००० झाले. तीस दिवसांत द्यावी लागते. कंपनीने आधी सांगितलेल्या "फुल अँड फायनल" मध्ये जवळपास एवढीच रक्कम होती, म्हणजे जे आपलं होतंच तेच देऊन बाकीचं सोडून द्यायला लावत होते. मला अजून याचा राग येतो.

आता बेकारी भत्त्याचं सांगते, कारण हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, मला पण नव्हतं. आपल्याला वाटतं बेकारी भत्ता परदेशात असतो. पण ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा कापला जातो त्यांच्यासाठी इथे पण आहे. ईएसआय २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना लागू, कामगाराचा पाऊण टक्का आणि कंपनीचा सव्वातीन टक्के. यांच्या स्लिपवर दर महिन्याला १३५ रुपये कापलेले दिसायचे आणि कंपनी ५८५ भरायची. इतकी वर्षं आम्ही त्या १३५ कडे फक्त दवाखान्याचे म्हणून बघितलं.

ईएसआयच्या दोन योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनात, २४ मार्च २०२० पासून ५० टक्के केले. जन्मात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. नोकरी सुटल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो आणि तो थेट ईएसआयसीकडे, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाकडे करायचा, कंपनीच्या हातापाया पडायची गरज नाही. नोकरीत किमान दोन वर्षं झालेली पाहिजेत, आणि शेवटच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत पण ७८ दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हिशोब असा की मागच्या चार सहामाहींचा पगार भागिले ७३०, त्याचा निम्मा. आमचे ४,३२,००० भागिले ७३० म्हणजे रोज ५९१, निम्मे २९५ च्या आसपास, ९० दिवसांचे साडेसव्वीस हजार. गैरवर्तन म्हणून काढलं असेल, रिटायर झाला असेल किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असेल तर नाही मिळत. ही योजना मुदतवाढीवर चालते म्हणून अर्ज करायच्या आधी चालू आहे का ते ब्रँच ऑफिसात विचारा.

दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची, आणि खरी मोठी ही आहे. कपात झाली किंवा कारखाना बंद पडला तर पहिलं वर्ष निम्मा पगार, दुसरं वर्ष पाव, म्हणजे २४ महिने, आणि तेवढे दिवस घरच्यांसकट दवाखाना चालू. आमच्या हिशोबाने साधारण ९,००० महिना आणि नंतर साडेचार. दोन्ही योजना एकाच वेळी घेता येत नाहीत. पण हिला कपात झाल्याचा पुरावा लागतो, राजीनामा चालत नाही. म्हणून आबा त्या कागदाला हात लावू देत नव्हते.

यांनी शुक्रवारी लेखी दिलं की मला कामावर घ्या नाहीतर कपातीचं पत्र द्या, पोच घेतली, एक प्रत कामगार आयुक्त ऑफिसला देऊन इनवर्डचा शिक्का मारून आणला. त्यानंतर कंपनीचा सूर बदलला, दोन आठवड्यांनी कपातीचं पत्र आणि हिशोब दोन्ही मिळालं. आम्हाला वाटलं झालं.

झालं नव्हतं. ईएसआयच्या काउंटरवर बाईंनी यांचा नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. कंपनी दर महिन्याची वर्गणी ऑनलाईन भरते तेव्हा ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारण निवडावं लागतं, त्यात "लेफ्ट सर्व्हिस" वेगळं असतं आणि "रिट्रेंचमेंट" वेगळं. यांच्यापुढे लेफ्ट सर्व्हिस निवडलेलं. पत्रात कपात आणि कॉम्प्युटरवर स्वतः सोडली. त्या बाईंनी शांतपणे समजावलं की आधी हे कंपनीकडून दुरुस्त करून आणा, पत्राची झेरॉक्स जोडून अर्ज द्या. परत लेखी, परत पोच, परत चकरा, तेवढ्यात मुलाची दहावी चालू. एप्रिलच्या शेवटी दुरुस्त झालं.

मधल्या काळात ज्या एका गोष्टीने जीवात जीव आला ती सांगते. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून येतात. मी धरूनच चाललेले की आता बंद. पण ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत ७८ दिवसांच्या वर वर्गणी भरलेली असली की त्याचा फायदा पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, आणि जानेवारी ते जूनचा त्याच्या आधीच्या सहामाहीवर. म्हणजे नोकरी फेब्रुवारीत गेली तरी कार्ड ३१ डिसेंबरपर्यंत चालू. काउंटरवर हे ऐकल्यावर सासूबाईंनी पिशवीतून जुनी गोळ्यांची पट्टी काढून त्या बाईंना दाखवली, "ह्याच ना, ह्याच भेटतीन ना?" त्या हो म्हणाल्या तेव्हा परत पिशवीत ठेवली.

यांच्याबरोबरच्या ज्यांनी तिथेच सही केली होती त्यातले दोघं आमच्याकडे आले होते. त्यांची कपातीची भरपाई गेली, राजीव गांधी योजना गेली. ग्रॅच्युइटीचा हिशोब मात्र कमी दिला होता, तो आबांनी त्यांना मांडून दिला आणि वरचे पैसे मिळाले.

हे सगळं २०२४ चं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले. त्यात पण वर्षाला १५ दिवसांची भरपाई आहे, आणि भर म्हणून रीस्किलिंग फंडातून, म्हणजे नवीन काम शिकण्यासाठीच्या फंडातून, शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात टाकायचे असं लिहिलंय. कोणाची आत्ता कपात झाली असेल तर हे पण मागा.

राजीव गांधी योजनेचा आमचा पहिला हप्ता जूनमध्ये आला. हे दिवसभर घरात बसायचे, भांडी घासायला घ्यायचे आणि मी हातातून घेतलं की चिडायचे, ते दिवस वाईट होते. ऑगस्टमध्ये पाईपच्या एका युनिटमध्ये लागले, पगार दोन हजारांनी कमी, भत्ता तिथे थांबला. जॉईन होताना तिथला क्लार्क नवीन ईएसआय नंबर काढत होता, यांनी पाकिटातून जुनं कार्ड काढलं आणि म्हणाले नंबर हाच टाका, माझी दहा वर्षं याच्यावर आहेत.