‘आम्ही’ आणि ‘मी’

वसईतील आमच्या धर्मग्रामात प्रथम कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली भाकर चर्चमध्ये पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग मी एकोणीस वर्षे घेत आहे. आमच्या लहानपणी ठरलेल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर द्यावे लागे आणि एक शब्द चुकला तरी तळहातावर पट्टी बसे. मी मात्र आधी अर्थ विचारते, कारण इंग्रजी माध्यमातली ही मुले मराठी प्रार्थना रोमन लिपीत लिहून आणतात आणि न अडखळता म्हणतात. त्यातले अर्धे शब्द त्यांना परके असतात.

यंदा प्रभूची प्रार्थना, म्हणजे आम्हीही इतरांना क्षमा करतो तशी देवाने आम्हाला करावी असे मागणारी येशूची प्रार्थना, शिकवताना आठ वर्षांच्या एका मुलाने विचारले, “टीचर, बांधावरून भांडण झाल्यापासून पप्पा काकांशी बोलत नाहीत. मग ‘आम्हीही क्षमा करतो’ असं म्हटलं तर खोटं होईल ना?”

१९१० साली पोप दहावे पायस यांनी कम्युनियनचे वय साधारण सातवर आणले, तेव्हा साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक मुलाला कळावा, एवढी अपेक्षा होती. याला तर त्याहून पुष्कळ अधिक कळले होते. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही, आपण क्षमा करीत नाही तोवर देवाची दया आपल्या अंतःकरणात शिरू शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पण वडिलांचा अबोला सोडवणे ज्याच्या हाती नाही, त्या मुलाला ते कसे सांगावे? “तू म्हण, देवाला कळतं,” एवढेच मी म्हणाले, आणि ते उत्तर अपुरे आहे हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसले.

तोंडी परीक्षेत तो नेमका त्याच ओळीवर थांबला. परीक्षकांनी त्याच्या नावापुढे ‘पाठांतर कच्चे’ असे लिहिले. मला ते फार लागले, कारण संपूर्ण वर्गात ती ओळ खऱ्या अर्थाने त्या एकट्यालाच येत होती, आणि ते नोंदवायला आमच्या तक्त्यात रकानाच नाही.

फेरपरीक्षेत तो उत्तीर्ण झाला. बाहेर आल्यावर मी विचारले, “आज म्हटलीस ना ओळ?”

“हो. पण ‘आम्हीही’च्या जागी हळूच ‘मीही’ म्हटलं.”

या प्रार्थनेत ‘माझा’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आमचा’ आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. त्याची चूक मी अजून दुरुस्त केलेली नाही.