सराव चालू असताना

त्या बुधवारी सकाळी नाश्ता चालू असताना मी संगीताच्या मॅडमच्या हातात एक घडी घातलेली चिठ्ठी ठेवली. तिच्यात तीनच ओळी होत्या. ११ वाजून २० मिनिटांनी कुणालाही न सांगता गटातून बाजूला व्हा. लूव्र संग्रहालयाच्या पिरॅमिडखालच्या दालनात माहितीकक्षाजवळ जाऊन थांबा. फोन उचलू नका. मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

विद्यार्थ्यांना घेऊन परदेशी सहलीला जाणाऱ्या शिक्षकांना मी प्रशिक्षण देते. आधी दोन दिवस वर्गात, मग पाच दिवस प्रत्यक्ष परदेशात. त्या खेपेला पॅरिसला २१ शिक्षक होते. रोज त्यांच्यातला एक जण गटप्रमुख, बाकीचे २० त्याचे विद्यार्थी. अनोळखी शहरात दुसऱ्याच्या मागे चालताना काय वाटतं, हे स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही, म्हणून ही पद्धत.

कागदपत्रांचा भाग शिक्षक पटकन उचलतात. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जायचं तर पासपोर्ट तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू हवा, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा, पालकांची संमतिपत्रं हाताशी हवीत, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, युरोपीय संघात कुठंही अडचण आली तर ११२ फिरवायचा. याद्या आणि तक्ते करण्यात शिक्षकांचा हात कोण धरणार! अवघड जातं ते डोकी मोजणं. प्रत्येकाला वाटतं, हे आपल्याला येतंच. वर्गात मुलं बाकावर बसलेली असतात, रिकामी जागा दिसते. रस्त्यावर रिकामी जागा दिसत नाही. नसलेलं मूल डोळ्यांना दिसत नाही, ते फक्त आकड्यात कळतं.

पहिल्या दिवशी मी नेहमी लाइम बेची हकीकत सांगते. २२ मार्च १९९३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ८ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि २ प्रशिक्षक कयाक घेऊन समुद्रात उतरले. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटायला लागली, एक प्रशिक्षक त्यांच्याजवळ थांबला. तेवढ्यात वाऱ्याने बाकीच्यांना आत खोल समुद्रात ओढून नेलं. ४ मुलं गेली. त्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला. त्या दुर्घटनेला कारणं बरीच होती. प्रशिक्षकांची तयारी तोकडी होती, मदत मागवायलाही उशीर झाला. मी मात्र त्यातली एक गोष्ट अधोरेखित करते. एकाला मदत लागली, लक्ष तिकडे गेलं आणि बाकीचे दूर गेले. हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगितलं असतं.

त्या दिवशी गटप्रमुख होते भूगोलाचे सर. २६ वर्षं शाळेच्या सहली नेलेला माणूस, आवाज खणखणीत, कामाला चोख. लूव्र मंगळवारी बंद असतं म्हणून दिवस बुधवारचा ठेवायचा, हेही त्यांनीच आराखड्यात पकडलं होतं. सकाळी त्यांनी जोड्या लावल्या, प्रत्येकाच्या खिशात कार्ड आहे का ते तपासलं. कार्डावर हॉटेलचा पत्ता फ्रेंचमध्ये, त्याखाली गटाचा आणीबाणीचा नंबर. हा फोन त्या दिवशीच्या प्रमुखाजवळ असतो. सरांनी भेटीची जागाही उत्तम निवडली होती. दारू जिना, ज्याच्या माथ्यावर सामोथ्रेसची पंख पसरलेली विजयदेवता उभी आहे. पुतळ्याला डोकं नाही, हात नाहीत, पण एवढा मोठा आहे की ज्याने एकदा पाहिला तो ती जागा विसरत नाही. 'हरवलात तर जिन्याच्या पायथ्याशी या आणि तिथून हलू नका,' असं सरांनी सगळ्यांकडून म्हणून घेतलं.

११ च्या सुमारास आम्ही मोनालिसाच्या दालनात होतो. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि समोर माणसांची भिंत. अशा ठिकाणी गट विरघळतो. ठरल्याप्रमाणे संगीताच्या मॅडम मागच्या मागे सरकल्या. मी घड्याळ पाहिलं, वहीत वेळ लिहिली.

साडेअकराला सगळे जिन्यापाशी जमले. सरांनी बोटाने मोजायला सुरुवात केली. शेवटचा आकडा म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या छातीवर टेकला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं, आणि त्याचा अर्थ लावला नाही.

"एकोणीस! मॅडम, एक जण कमी आहे."

मला आनंद झाला. प्रमुखाला एका झटक्यात कमी पडलेलं माणूस कळलं, याचा आनंद. नाव काढायलाही वेळ लागला नाही, कारण संगीताच्या मॅडम बडबड्या, त्या नाहीत हे लगेच जाणवतं. सरांनी फोन लावला, उचलला गेला नाही. मग सगळ्यांना एकत्र घेऊन ते शोधायला निघाले. मी वहीत लिहिलं : 'भेटीच्या जागी कुणालाच ठेवलं नाही.' संध्याकाळच्या चर्चेसाठी हा मुद्दा टिपला आणि मीही त्यांच्या मागे चालू लागले. आज ती ओळ वाचली तरी पोटात गोळा येतो. चूक मला दिसली होती, लिहून ठेवण्याइतकी स्पष्ट दिसली होती. ती मी सरांची चूक म्हणून पाहिली. त्या जिन्यापाशी खरंच कुणी परत येईल, हे मनातही आलं नाही.

१२ वाजून ५ मिनिटांनी माहितीकक्षाजवळ मॅडम सापडल्या. टाळ्या झाल्या. सरांनी पुन्हा मोजलं. "वीस. सगळे आहेत." मी मान डोलावली.

तिथून आम्ही १ नंबरच्या मेट्रोने बास्तीयला गेलो. या मार्गावर गाड्यांना चालक नसतो, सगळं स्वयंचलित आहे. दारं वेळ झाली की मिटतात, कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून चढण्याआधीच नियम सांगायचा : फलाटावर राहिलेल्याने तिथेच थांबायचं, पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरायचं, मोठं माणूस परत न्यायला येईल. सरांनी तो सांगितला, गट दोन दारांत वाटला, स्वतः सर्वांत शेवटी चढले. एकही चूक काढता आली नसती. आणि आमच्यात एक माणूस नव्हतं.

बास्तीयच्या चौकात वर आल्यावर संगीताच्या मॅडम इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "आमच्या बाई कुठं आहेत?"

विज्ञानाच्या बाई. सगळ्यांत कमी बोलणाऱ्या. कुणाला आपला त्रास नको म्हणून कायम कडेने चालणाऱ्या. आणि जोडीत कुणाबरोबर, तर संगीताच्या मॅडमबरोबर! त्या नाहीत हे ज्या एका व्यक्तीच्या लक्षात आलं असतं, तिलाच मी चिठ्ठी देऊन दूर पाठवलं होतं.

सर म्हणाले, "मॅडम, हाही सरावच ना?" त्यांच्या चेहऱ्यावर अजून सकाळचाच उत्साह होता.

"नाही सर. सराव संपला. हे खरं आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंचा फोन बंद. सरांनी आणीबाणीचा फोन बॅगेतून काढला. संग्रहालयात शिरताना आवाज बंद केला होता, तो तसाच राहिला होता. पडद्यावर एका फ्रेंच नंबरचे ४ मिस्ड कॉल, पहिला ११ वाजून ५२ मिनिटांचा. मी उलट फोन लावला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या, संग्रहालय पाहायला आलेल्या. त्यांनीच आपला फोन वापरायला दिला होता. माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचला त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून उत्तर दिलं. तुमच्या मैत्रीण जिन्याखाली बसल्या आहेत. रक्षकाशेजारी. त्या हलायला तयार नाहीत.

जीव भांड्यात पडला, अर्धाच. मी तशीच स्टेशनकडे धावत निघाले होते. भूगोलाच्या सरांनी मागून हाक मारली. "मॅडम, एकटं जायचं नाही. तुम्हीच शिकवलंय." बरोबर होतं त्यांचं. गट सरांच्या ताब्यात चौकातच थांबला, मी संगीताच्या मॅडमना सोबत घेतलं. माहितीकक्षातल्या मुलीने वायरलेसवर निरोप दिला आणि १ वाजून २० मिनिटांनी एका रक्षकाबरोबर बाई समोरून आल्या. हातात कार्ड होतं. चार घड्या पडलेलं, कडा घामाने मऊ झालेल्या, मधली शाई फिसकटलेली. नंबर मात्र वाचता येत होता. दीड तास त्यांनी ते मुठीत धरलं होतं.

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ संगीताच्या मॅडमकडे गेल्या, त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाल्या, "तुम्हाला काही झालं नाही ना?"

संध्याकाळच्या बैठकीत मी आधी माझी चूक सांगितली, मग बाकीच्यांना बोलू दिलं. चिठ्ठी वाचून दाखवली. जोडी मी तोडली, आकडा मी स्वतः मोजला नाही, आणि उत्तर आधीच माहीत असल्यामुळे समोर दिसणारी प्रत्येक खूण मी त्या उत्तरात बसवत गेले. संगीताच्या मॅडम रडल्या. त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता, हे मी दोनदा सांगितलं, तरी त्या रडल्या.

मग विज्ञानाच्या बाई बोलल्या. पाच दिवसांत त्या एवढं सलग कधी बोलल्या नव्हत्या. मोनालिसासमोरून वळल्या तर शेजारी मॅडम नाहीत. त्यांना वाटलं, गर्दीत घेरी आली असेल. म्हणून त्या शेजारच्या लांबलचक दालनात शोधायला गेल्या, शेवटपर्यंत जाऊन आल्या. जिन्यापाशी पोचल्या तेव्हा पावणेबारा वाजले होते, गट निघून गेला होता. "मला हरवल्याची भीती नव्हती," त्या म्हणाल्या. "जागा ठाऊक होती, नंबर हातात होता. मला वाटत होतं, मॅडमना दवाखान्यात नेलं असेल, म्हणून कुणी फोन उचलत नसेल. आणि मी जागा सोडली तर तुम्ही मला कुठं शोधाल?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी विचार करत होते की मुलं अशीच हरवतात. माझ्या अनुभवात खोडकर मूल फारसं हरवत नाही, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. हरवतं ते शहाणं मूल, मैत्रीण मागे राहिली म्हणून परत फिरलेलं. आणि आपण त्याला जोडीने राहायचं शिकवतो, पण जोडीदार दिसेनासा झाला तर काय करायचं, हे शिकवत नाही. एवढ्या वर्षांत मीही शिकवलं नव्हतं.

भूगोलाचे सर बराच वेळ खाली मान घालून बसले होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही समुद्राची गोष्ट सांगितलीत. मी लिहूनही घेतली होती. आपण सगळे एकीलाच शोधत राहिलो." मग थोडं थांबून, "मी नेहमी स्वतःला धरून मोजतो. २६ वर्षं. कधी नडलं नाही." त्यांचा आवाज कापत होता. चुकीबद्दल मी त्यांना काही बोलले नाही, बोलण्याची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रमुख दुसरे कुणी असूनही सरांच्या डाव्या मनगटावर बॉलपेनने '२०' लिहिलेलं मी पाहिलं.

त्या रात्री बसून आम्ही सगळ्यांनी मिळून पद्धत बदलली. बोटाने मोजणं बंद. प्रत्येकाला सहलीभर एकच क्रमांक, आणि ज्याने त्याने आपला क्रमांक स्वतः म्हणायचा. मग प्रमुख स्वतःला मोजूच शकत नाही, आणि कोण कमी हे आकड्यावरूनच कळतं. जोड्यांऐवजी तिघांचे गट, म्हणजे एक गेला तरी दोघं उरतात. कुणी सापडलं की सगळी हजेरी पहिल्यापासून घ्यायची, कारण सापडल्याच्या आनंदात मोजणी सैल होते. शोध सुरू असला तरी एक मोठं माणूस भेटीच्या जागेवरून हलणार नाही. आणीबाणीच्या फोनचा आवाज संग्रहालयातही चालूच. आणि हरवण्याचा सराव असेल तेव्हा खरा आकडा मी वेगळा मोजणार, प्रमुखाच्या मोजणीवर विसंबणार नाही.

हा सराव बंदच करावा, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. बाईंनीच त्याला विरोध केला. त्या म्हणाल्या, "मुलांबरोबर असताना हे पहिल्यांदा घडण्यापेक्षा इथं घडलेलं बरं. फक्त चिठ्ठीत एक ओळ वाढवा." कागद मागून घेऊन त्यांनी ती स्वतःच लिहिली आणि माझ्याकडे सरकवली. आता सहलीला निघताना प्रत्येकाच्या हातात पडणाऱ्या कार्डावर, आणीबाणीच्या नंबरच्या खाली, ती त्यांच्याच शब्दांत छापलेली असते : 'सोबती दिसत नसेल तर शोधायला जाऊ नका. आहात तिथूनच सरांना किंवा बाईंना हाक मारा, मोठ्याने.'